माळघरावरचं गवत

१

भवानीनगर मागं टाकून कालव्याच्या वर चढलं की ऊस एकदम संपतो आणि मुरमाड माळ सुरू होतो. त्या माळावर माळघर, म्हणजे एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र, आहे. आहे म्हणायचं एवढंच, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. टेकडी पोखरून आत खोल्या केलेल्या, छतावर टेकडीचंच कुसळी गवत ठेवलेलं, आणि उतारावर शेताच्या बांधांसारखी वळणं घेत गेलेल्या सौर पॅनेलांच्या रांगा. पाहुणे टेकडीवर गाडी लावून इकडंतिकडं बघत विचारायचे, "माळघर कुठं आलं?" मग राजलक्ष्मी खालच्या दारातून ओरडायची, "त्याच्या डोक्यावरच उभे आहात की!"

ज्या संस्थेनं ते बांधलं तिचे अध्यक्ष दादासाहेब प्रत्येक कार्यक्रमात एकच भाषण करायचे. "आमी घर बांधलंच न्हाय. टेकडीला नुसती दारं बसवली. टेकडीनं आपल्याला द्यायचं, आपण टेकडीला द्यायचं." टेकडीला काय द्यायचं, हे कोणी विचारत नसे. भाषणात असं काही विचारायचं नसतं.

पण घर गार होतं, यात वाद नाही. जमिनीत खोल पुरलेल्या नळांमधून हवा आत यायची आणि उन्हानं तापलेलं उंच धुराडं ती वर ओढून न्यायचं. पंखा नाही, एसी नाही. बाहेर मे महिन्याच्या उन्हात माणूस भाजून निघायचा आणि मधल्या दालनात पाय टाकला की अंगावर शहारा यायचा. कान दिला तर नळांच्या तोंडाशी बारीकसा आवाज ऐकू यायचा. गाढ झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यावर येतो तसा.

हे सगळं सांभाळायचं काम राजलक्ष्मीचं. बारामतीच्या कॉलेजातून तिनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, तोही लग्नानंतर. "मेंढरामागं फिरून आमाला जे उमगलं न्हाय ते तुला उमगंल, शिक," असं म्हणून सासऱ्यांनीच तिला एसटीत बसवलं होतं. आता ती, नवरा युवराज, सासरे गेणबा आणि पाच वर्षांची छकुली असे सगळे टेकडीच्या पायथ्याशी राहत. गारव्याचं घर सांभाळणाऱ्या माणसांच्या खोल्यांना मात्र पत्रा होता. नकाशा काढणाऱ्याचा कागद बहुतेक तिथंच संपला असावा.

त्यामुळं सुट्टीत प्रशिक्षणाची मुलं गेली, की दुपारी राजलक्ष्मी लेकीला घेऊन मधल्या दालनात यायची. नळाच्या तोंडापाशी घोंगडं अंथरायचं, छकुलीला निजवायचं आणि समोर बसून आपलं काम करायचं. सगळ्या तालुक्यात एवढ्या सुखानं झोपणारं दुसरं लेकरू नसेल, असं तिला वाटायचं आणि बरं वाटायचं.

२

माळघर रिकामं असलं की बॅटऱ्या दुपारपर्यंतच काठोकाठ भरायच्या. पुढं वीज घेणं आपोआप थांबावं अशी सोय होती, पण ती बिघडली होती आणि सुट्टीत दुरुस्ती कोण करणार? म्हणून राजलक्ष्मी स्वतःच जाऊन पॅनेलांचे स्विच पाडायची. भिंतीवरच्या पडद्यावर वीज दाखवणारी रेघ सकाळपासून चढत आलेली असायची. स्विच पडले की ती तळाला जाऊन सपाट व्हायची. दिवसाचं एक काम हातावेगळं झाल्याचं समाधान त्या सपाट रेघेत असायचं.

त्या दिवशी रेघ खाली आली, पण टेकली नाही. तळापासून जराशी वर, अधांतरी राहिली.

राजलक्ष्मीनं पुन्हा जाऊन स्विच पाहिले. सगळे पडलेले होते. पॅनेलांकडून येणारी तार मोजून पाहिली तर तार मेलेली. परत येऊन बघते तर रेघ तिथंच. इतकी थोडी वीज, की एक झिरोचा दिवा पेटला असता. तिनं मनाशी म्हटलं, मीटर खोटं बोलतंय. मीटरला खोटं बोलायची सवयच असते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी रेघ शहाण्यासारखी वागायची, संध्याकाळीही. फक्त दुपारच्या त्या शांत वेळी ती अधांतरी राहायची, आणि रोज किंचित वर सरकायची.

शेवटी तिनं बारामतीहून अविराजला बोलावलं. हा पोरगा तिच्याच कॉलेजचा, आता सौर यंत्रणा दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. त्यानं मीटर उघडलं, फुंकर मारली, तारा ओढून पाहिल्या.

"वहिनी, हे भूत न्हाय, सेन्सर हाय," तो हसत म्हणाला. "नवीन टाकतो. मग बघा."

नवीन टाकलं. दोघं पडद्यासमोर बसून राहिले. रेघ तळाशी गपगार पडलेली. छकुली नवीन माणूस आल्याच्या आनंदात दालनभर उड्या मारत होती, अविराजच्या पिशवीतले स्क्रू पळवत होती. दुपार टळली तरी ती निजली नाही.

"बघा," अविराज निघताना म्हणाला. "डॉक्टर आला की दुखणं पळतं."

राजलक्ष्मी हसली. तिलाही सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी छकुली दमून लवकर झोपली, आणि राजलक्ष्मीनं सहज मान वर करून पाहिलं तर रेघ उचलली गेली होती, आधीपेक्षा वर.

३

त्याच सुमारास दादासाहेबांच्या डोक्यात छतावरच्या गवताचं आलं. पुण्याहून कोणी फोटो काढायला येणार होते आणि गवत उन्हानं करपलं होतं. त्यांनी गेणबांना बोलावलं.

"आबा, तुमची मेंढरं बसवा की वर."

मेंढरं रानात बसवणं म्हणजे काय, हे त्या मुलखात लेकरालाही ठाऊक असतं. रात्री मेंढरांचं खांड, म्हणजे कळप, शेतात मुक्कामाला ठेवायचं. त्यांच्या लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, पीक जोमानं येतं. भोवती वाघर म्हणजे दोरीची जाळी लावायची आणि रोज संध्याकाळी ती थोडी पुढं सरकवायची, म्हणजे सगळ्या रानाला सारखं मिळतं. गेणबांचं आयुष्य त्यातच गेलेलं. आता मूठभर मेंढरं राहिली होती, तीही हौसेपोटी. त्यांनी आनंदानं वाघर खांद्यावर टाकली आणि माळघरावर चढले.

दोन-चार दिवसांनी सकाळी ते राजलक्ष्मीच्या दारात येऊन उभे राहिले. चहा पुढं केला तरी घेतला नाही.

"पोरी, वर मेंढरं बसना झाली."

"म्हणजे?"

"उभीच ऱ्हात्यात. माना खाली घालून एका कडंला. मधी हाकलली तर जात न्हाईत. आन एक कोकरू गार पडलंय."

"मेलं का?"

"मेलं असतं तर मेलं म्हणलो असतो," गेणबा चिडून म्हणाले. मग आवाज उतरला. "जित्तं हाय. डोळं उघडं हायती. खातंय बी. पन गार हाय गं. उन्हात ठिवलं, तरी गार."

राजलक्ष्मी वर गेली. कोकरू मधल्या दालनाच्या बरोबर वर बसलं होतं. तिनं हात लावला आणि चटकन मागं घेतला. रांजणातल्या पाण्यात हात घातल्यासारखं झालं. आणि त्या करपलेल्या माळावर, मेच्या उन्हात, कोकराच्या खाली गवत हिरवं होतं. कोवळं आणि दाट, पावसाळ्यात असतं तसं. कोकराच्या अंगाएवढीच जागा, एक बोटभर जास्त नाही.

"पानी सांडलं असंल कुनी," गेणबा म्हणाले.

"हां, तसंच असंल," राजलक्ष्मी म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की वर पाण्याचा थेंब येत नाही.

गेणबांनी कोकरू उचलायचं पाहिलं. हातभर जीव, पण उचलेना. मग त्यांनी मेंढपाळ जे करतो ते केलं. आजारी कोकराला ऊब मिळावी म्हणून एक धडधाकट मेंढी दाव्यानं ओढत आणली आणि कोकराशेजारी बसवली, पोटाला पोट लावून. मेंढी थरथरत होती, पण बसली. लेकराला बघून बसली असेल.

४

छकुलीनं दुसऱ्या दिवशी दूध नको म्हटलं. त्यात काय, उन्हाळ्यात लेकरं नको म्हणतातच. मग खेळायला नको म्हणाली. पत्र्याच्या खोलीत सगळी घामानं निथळत असताना ती आजोबांचं घोंगडं पांघरून बसली.

"आई, थंडी वाजती."

राजलक्ष्मीनं कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ताप असता तर तिला बरं वाटलं असतं. कपाळ गार होतं, नुसतं गार, घाम नाही, काही नाही. कोकराची आठवण आली तशी तिनं ती झटकली. गार घरात दुपारभर झोपलं की गारठा बसणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिला बुद्धी होती आणि बुद्धीला नेहमी काहीतरी सापडतं.

तरी त्या दुपारी तिनं छकुलीला दालनात नेलं नसतं. पण पत्र्याखाली पोरगी झोपेना, रडेना, नुसती छताकडं बघत पडलेली. शेवटी "तिथं जायचं, तिथं झोप येती," असं ती म्हणाली आणि राजलक्ष्मीला ते हट्टासारखं वाटलं. हट्ट करतीय म्हणजे बरी आहे, असं वाटून ती तिला घेऊन गेली.

छकुलीचे डोळे मिटले. पडद्यावरची रेघ उठली.

या वेळी राजलक्ष्मीनं ते घडताना पाहिलं. आधी लेकीचा श्वास संथ झाला, मग रेघेनं मान वर काढली. दोन्हींचा काही संबंध नाही, असं ती पुटपुटली. तिनं छकुलीच्या दंडाला हलवलं. छकुली कुरकुरली, डोळे किलकिले केले. रेघ खाली आली. छकुली पुन्हा झोपली. रेघ पुन्हा वर.

तिनं पुन्हा हलवलं. रेघ खाली. हात काढला. थोडा वेळ काही नाही. मग नळाच्या तोंडाशी तो बारीकसा आवाज आला आणि रेघ उठली. त्या क्षणी तिला एक गोष्ट दिसली जी इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. नळाच्या जाळीवर वाऱ्याची दिशा कळावी म्हणून तिनंच बांधलेली लाल फीत होती. हवा नळातून खोलीत येते, म्हणून फीत खोलीकडं उडायला हवी. बाहेर ऊन रणरणत होतं, धुराडं तापलेलं होतं. फीत आत ओढलेली होती, नळाच्या तोंडात, जाळीला घट्ट चिकटून.

तिनं पोरीला घोंगड्यासकट उचललं आणि पळत सुटली. दारात अडखळून गुडघा फुटला तो घरी गेल्यावर कळला.

५

युवराज कारखान्यात दुरुस्तीच्या कामावर होता. निरोप मिळताच आला, काही न विचारता मोटरसायकल काढली. वाटेत एकदा हात मागं करून त्यानं छकुलीच्या पायाला चाचपलं आणि नंतर बारामतीपर्यंत गाडी कुठं थांबवली नाही.

डॉक्टरांनी तपासलं. नाडी ठीक, छाती ठीक, रक्त थोडं कमी. थर्मामीटर खिडकीच्या उजेडाकडं धरून त्यांनी दोनदा पाहिलं आणि दुसरा मागवला.

"उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणून आलेला हा पहिलाच पेशंट," ते म्हणाले. टॉनिक लिहून दिलं. बाहेर येईपर्यंत राजलक्ष्मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्यांनी दुसरा थर्मामीटर का मागवला, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

घरी येऊन तिनं छकुलीला उन्हात बाजेवर निजवलं. गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, तेल लावून चोळलं, रात्रभर कुशीत घेऊन पडली. संध्याकाळी एकटीच जाऊन माळघराच्या दालनाला तिनं कुलूप घातलं होतं. त्याआधी नुसते स्विच पाडले नव्हते, ताराच सोडवून टाकल्या होत्या. आता तिथून वीज कशी यावी?

सकाळी तिनं मोबाईल उघडला. माळघराची रेघ मोबाईलवरही दिसायची. उघडावं की नको, असा खेळ तिनं मनाशी बराच वेळ खेळला आणि मग उघडला.

रेघ होती. ठळक आणि अखंड, काल बारामतीत होते तेव्हाचीही. आता तर छकुली जागी होती, डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत. आता तिला झोपावंही लागत नव्हतं.

तिनं अविराजला फोन केला. काय सांगणार होती? "तारा सोडवल्यात. तरी दाखवतंय," एवढंच म्हणाली.

"वहिनी, तारा सोडल्यावर दाखवणार कसं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "मोबाईल जुनं दाखवत असंल. बंद करून चालू करा."

तिनं बंद करून चालू केला. रेघ मधल्या वेळात आणखी चढली होती.

६

गेणबा दारात आले ते छकुलीकडं न बघता. त्यांच्या काखेत कोकरू होतं, आणि ते लाथा झाडत होतं. खाली सोडलं तर अंगणभर टणाटणा उडालं, बाजेखाली घुसलं, परत आलं. राजलक्ष्मीनं त्याला धरलं. गरम. पोटाखाली छोटं काळीज धडधडत होतं.

"बरं झालं की हे!" तिच्या आवाजात एकदम जीव आला. "आबा, कशानं बरं झालं? काय दिलं तुमी?"

गेणबा कोकराला पुन्हा धरायला वाकले.

"आबा, म्या काय इचारते?"

"मेंढी लावली व्हती न्हवं पोटाला," ते म्हणाले. "तवाच उठलं ते. दोन पहरात उठलं."

"आन मेंढी?"

त्यांनी टेकडीकडं बोट केलं. राजलक्ष्मी उठली, छकुलीजवळ त्यांना बसवलं आणि टेकडी चढू लागली. "नगं जाऊ," असं ते मागून एकदा म्हणाले, पण आडवे आले नाहीत. आयुष्यभर त्यांनी सुनेला कधी अडवलं नव्हतं.

मेंढी होती तिथंच होती. बसलेली, मान सरळ, डोळे उघडे. जबडा सावकाश हलत होता, रवंथ केल्यासारखा, पण तोंडात काही नव्हतं. तिच्या भोवती गवत गुडघाभर झालेलं. राजलक्ष्मी आणखी जवळ गेली. गवत भोवतीच होतं असं नाही. लोकरीतूनही वर आलं होतं. ती लोकर बाजूला करून मुळं बघणार होती. तिनं हात पुढंही केला. मग मेंढीनं श्वास घेतला आणि पायाखालून, दालनातल्या नळाच्या तोंडाशी यायचा तसा तो बारीक आवाज आला. दोन्ही एकाच वेळी. तिनं हात मागं घेतला.

मेंढीच्या पलीकडं, चार पावलांवर, आणखी एक हिरवी जागा होती. तिथं कोणी बसलेलं नव्हतं. ती दालनातल्या घोंगड्याच्या बरोबर वर होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या लेकराएवढी जागा. डोकं कुठं, पाय कुठं, सगळं कळत होतं. छकुली झोपेत उजवा हात गालाखाली घेते. तोही कळत होता.

राजलक्ष्मी तिथंच खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. कारण खाली आवाज गेला असता, आणि खाली अंगणात तिची लेक होती.

७

दुपारी छकुलीनं पाणी गिळायचं सोडलं. ओठाशी धरलेलं पाणी ओघळून मानेवर यायचं. युवराज बारामतीहून मोठ्या दवाखान्याची गाडी आणायला गेला होता. "पुण्याला न्यायची, आत्ताच्या आत्ता," असं म्हणून. तो येईल, गाडी येईल, पुण्यालाही नेतील. राजलक्ष्मीनं मोबाईलवरच्या रेघेकडं पाहिलं. कालव्याच्या पलीकडं नेली म्हणून रेघ थांबली नव्हती, बारामतीला नेली म्हणून थांबली नव्हती. पुणं किती लांब आहे, हे रेघेला काय ठाऊक?

तिनं छकुलीला उचललं. केवढी जड झाली होती.

"कुठं चाललीस?" गेणबा म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांना कळलं. "न्हाय. पोरी, न्हाय. म्या जातो. माझं काय ऱ्हायलंय आता? म्या बसतो तिला घिऊन."

"कोकराला तुमी म्हातारी सोडून धडधाकट मेंढी का लावली, आबा?" राजलक्ष्मीनं विचारलं.

म्हाताऱ्या मेंढीच्या अंगात ऊब पुरत नाही, हे त्यांनीच तिला एकदा सांगितलं होतं.

"युवराजला येऊ दे तरी."

"त्यो बसू देणार न्हाय मला. आन पोरगी तवर..." भीतीनं तिचे दात वाजत होते, ते तिला ऐकू येत होतं. कोणी तिला शूर म्हटलं असतं तर तिनं त्याच्या थोबाडीत दिली असती. तिला पळून जायचं होतं. पाय टेकडीकडं चालले होते.

वर ऊन असं होतं की पॅनेलांकडं बघवत नव्हतं. मेंढीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं आणि परत समोर केली. राजलक्ष्मी त्या छोट्या हिरव्या जागेवर बसली. बूड टेकताच गारवा पाठीच्या कण्यातून वर आला. तिनं पदर सोडून छकुलीला पोटाशी घेतलं, कातड्याला कातडं लागेल अशी, वरून पदर गुंडाळला आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. हे सगळं वेड आहे, आता खाली जावं, गाडी येत असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं तो विचार गोंजारलाही. अजून उठता येत होतं.

मग छकुलीच्या पाठीवर, तिच्या तळव्याखाली, घामाचा एक थेंब लागला.

मोबाईल शेजारी पडला होता. त्याच्यावरची रेघ इतकी वर गेली होती की वरच्या कडेला लागून दिसेनाशी झाली. राजलक्ष्मीनं मोबाईल पालथा घातला आणि लेकीला आणखी घट्ट धरलं.

८

"आई, गरम व्हतंय. सोड की."

छकुली पदरातून धडपडत बाहेर आली. गाल लाल झाले होते, केस कपाळाला चिकटलेले. तिनं आईच्या मांडीवरून खाली उडी मारली आणि पहिलं काय विचारलं, तर कोकरू कुठंय. राजलक्ष्मी हसली. इतकं मोकळं हसू तिला आयुष्यात कधी आलं नसेल.

"आबा, न्या तिला खाली," ती म्हणाली. "पाणी पाजा. आन पुन्हा हितं निजू देऊ नका. कुणालाच निजू देऊ नका."

"तू चल की," गेणबा म्हणाले. त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि झटकन हात सोडला, पुन्हा धरला, दोन्ही हातांनी ओढलं. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "ऊठ गं. ऊठ, माझी लेक."

"उठते. जरा बसते आन उठते," राजलक्ष्मी म्हणाली. मांडीखाली काहीतरी कोवळं, दाट हुळहुळत होतं. तिकडं तिनं पाहिलं नाही.

"आई, तुझा हात किती गार हाय," छकुली म्हणाली. तिनं तो आपल्या गालाला लावून घेतला, कारण उन्हात तो छान वाटत होता.

खालून रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. युवराज आला होता. तो हाका मारत होता, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला नेहमीप्रमाणे तिथं नुसती टेकडी दिसत होती.

गेणबांच्या मागोमाग त्यांची मेंढरंही माळ चढून आली होती, दिवसभराची उपाशी. राजलक्ष्मीभोवतीच्या गवताला वारा लागला तशी त्यांनी माना वर केल्या, पुढं आली, आणि वाळलेल्या कुसळांच्या कडेला येऊन सगळी एकदम थांबली. हिरव्याला एकीनंही तोंड लावलं नाही.